भक्षकपेशींचा शोधक : एली मेचनिकॉफ

ताप चार दिवस उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासून घ्यावयास सांगतात आणि हाती येणाऱ्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा छापलेला असतो. तो वाढलेला दिसला की घरात काळजी सुरू होते. घटलेला दिसला की ती अधिकच वाढते. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात, तर तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशींची संख्या चाळीस-पन्नास लाखांच्या घरात असते. म्हणजे संख्येने या पेशी अगदीच अल्प. तरीही रोगजंतूंशी होणाऱ्या लढ्याचा मोठा भार त्यांच्यावरच असतो, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु दीडशे वर्षांपूर्वी हे जगातील कोणत्याही वैद्यास नीटपणे ठाऊक नव्हते. ज्या माणसाने हे प्रथम ओळखले, तो वैद्यकाचा पदवीधरही नव्हता. त्या एली मेचनिकॉफ यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, प्रयोगशाळेचे नव्हे. परंतु विज्ञानालाही इतिहास असतो आणि त्यातही सत्य सहजासहजी मान्य होत नाही, हे आमच्या वाचकांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

जन्म, शिक्षण आणि भटकंती

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली मे महिन्यात खारकॉव्हजवळील एका खेड्यात झाला. हा प्रदेश त्या काळी रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील लष्करी अधिकारी होते. आई ज्यू वंशातील घराण्यातून आलेली होती आणि मुलाच्या अभ्यासाकडे तिचे विशेष लक्ष होते. लहानपणापासूनच त्यांना झाडे, किडे, बेडूक यांचे वेड लागले होते. पुढे खारकॉव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. त्या वेळी ते एकोणीस वर्षांचे होते.

त्यानंतर जर्मनीतील गीसेन, ग्यॉटिंगेन, म्यूनिक आणि इटलीतील नेपल्स येथे त्यांनी समुद्रातील क्षुद्र प्राण्यांचा अभ्यास केला. डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला होता आणि तरुण प्राणिशास्त्रज्ञांच्या मनावर त्याचा मोठा पगडा होता. सर्व प्राणी एका वंशवृक्षाच्या फांद्या असतील, तर साध्या प्राण्यांच्या शरीरात मोठ्या प्राण्यांच्या रचनेची पहिली खूण सापडली पाहिजे, या विचाराने मेचनिकॉफ काम करीत होते. १८६५ साली एका चपट्या कृमीच्या शरीरात त्यांना दिसले की, अन्न केवळ पोटाच्या पोकळीत पचत नाही. काही पेशी अन्नाचे कण स्वतःच्या आत ओढून घेतात आणि तेथेच पचवितात. अमीबा हा एकपेशीय जीव असेच जेवतो. ही नोंद त्या वेळी फारशी महत्त्वाची वाटली नाही. पुढे मात्र याच एका निरीक्षणावर त्यांच्या साऱ्या आयुष्याचे काम उभे राहिले.

दुःखाची वर्षे

१८६९ साली त्यांचा ल्युडमिला यांच्याशी विवाह झाला. वधूस क्षयरोग होता. ती इतकी अशक्त झाली होती की, विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढील चार वर्षे मेचनिकॉफ यांनी तिच्या शुश्रूषेत आणि पैशाच्या विवंचनेत काढली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. हवापालट हाच काय तो उपाय. अखेर अटलांटिक महासागरातील माडेरा बेटावर १८७३ साली ल्युडमिलाचे निधन झाले. मेचनिकॉफ यांचे डोळेही त्या सुमारास अधू झाले होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काम करणे अवघड झाले होते. त्या दुःखात त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम वगळला नाही. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या मनाचे मोडणे झाकून ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे वाचणाऱ्या तरुणास वाटते की, आपणच तेवढे दुबळे. मेचनिकॉफ दोनदा असे खचले. १८७५ साली त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरा विवाह केला. १८८० मध्ये ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाल्या. त्या बऱ्या झाल्या, परंतु चिंतेने आणि विद्यापीठातील कलहांनी जेरीस आलेल्या मेचनिकॉफ यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. आजार भयंकर झाला, तरी त्यातूनही ते उठले. ज्या कामामुळे जग त्यांना ओळखते, ते सारे या दोन प्रसंगांनंतरचे आहे. निराशेच्या क्षणी आयुष्याचा जो हिशेब माणूस मांडतो, तो किती अपुरा असतो याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही. दुःखाची गोष्ट कोणाजवळ तरी बोलावी आणि तो काळ जाऊ द्यावा, एवढेच आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते.

मेसिना येथील काटे

मेचनिकॉफ हे ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक होते. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर रशियात दडपशाही वाढली आणि विद्यापीठांतही सरकारी हस्तक्षेप होऊ लागला. १८८२ साली मेचनिकॉफ यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला आणि ओल्गा व तिच्या लहान भावंडांसह ते सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेले. समुद्रकाठच्या घराच्या दिवाणखान्यातच त्यांनी आपला सूक्ष्मदर्शक मांडला.

तेथे एके दिवशी घरातील सर्व मंडळी माकडांचे खेळ पाहण्यास सर्कशीला गेली. मेचनिकॉफ एकटेच घरी थांबले. ताराम­ाशाच्या डिंभाचे, म्हणजे पिल्लावस्थेतील जीवाचे, ते निरीक्षण करीत होते. हा डिंभ काचेसारखा पारदर्शक असतो. त्यामुळे त्याच्या शरीरातील फिरत्या पेशी जिवंतपणी पाहता येतात. त्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात एक कल्पना चमकली. अन्नाचे कण गिळणाऱ्या या पेशी शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूंवरही धावून जात असतील काय? तसे असेल, तर रक्तवाहिन्या व मज्जासंस्था नसलेल्या या जीवाच्या शरीरात काटा खुपसला असता त्याभोवती पेशींचा गराडा पडला पाहिजे. माणसाच्या बोटात कुसळ गेले असता पू होतो, त्याचाच हा आरंभ ठरला असता. नाताळसाठी मुलांना म्हणून बागेतील एक संत्र्याचे झाड सजविले होते. त्याच बागेतील गुलाबाचे काटे आणून त्यांनी डिंभांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तो प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या होत्या.

येथे इतिहासाचे अभ्यासक म्हणून एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. ही हकिगत स्वतः मेचनिकॉफ यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर, उतारवयात लिहिली. मेसिना शहर १८०८ साली नव्हे, १९०८ च्या डिसेंबरातील भूकंपात उद्ध्वस्त झाले, त्या सुमारास या आठवणी जाग्या झाल्या. एका रात्रीत सत्य गवसल्याची गोष्ट ऐकण्यास गोड असते, परंतु त्या रात्रीमागे सतरा वर्षांचे निरीक्षण होते, हे विसरता कामा नये. चपट्या कृमीच्या पेशी ज्याने पाहिल्या होत्या, त्यालाच काट्याचा प्रयोग सुचू शकला.

प्रचलित मताविरुद्ध

पांढऱ्या पेशी तोवर कोणी पाहिल्याच नव्हत्या असे नाही. १८४० नंतरच्या दशकात त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली होती. १८६७ साली जर्मनीतील कोनहाइम यांनी दाखवून दिले होते की, सूज येते तेव्हा या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेच्या जागी जमतात. त्यांच्या पोटात जंतू दिसतात हेही काहींनी पाहिले होते. परंतु त्याचा अर्थ उलटा लावला गेला होता. पांढऱ्या पेशी जंतूंना आसरा देतात आणि शरीरभर वाहून नेतात, असे अनेक विद्वानांचे मत होते. सूज हीदेखील निव्वळ विकृती मानली जात होती. चोर पकडणाऱ्या शिपायालाच चोराचा साथीदार ठरवावे, तसा हा प्रकार होता.

मेचनिकॉफ यांनी सांगितले की, सूज हा शरीराच्या संरक्षणाचा व्यापार आहे आणि पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात. १८८३ मध्ये विख्यात रोगविज्ञ फिर्शो मेसिना येथे आले असता त्यांनी हे प्रयोग पाहिले, उत्तेजन दिले आणि प्रचलित मत अगदी विरुद्ध असल्याने जपून पावले टाकण्याचा सल्लाही दिला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांनी या पेशींना फॅगोसाइट हे ग्रीक धातूंवरून बनविलेले नाव सुचविले. खाणारी पेशी असा त्याचा अर्थ. मराठीत आपण भक्षकपेशी म्हणतो.

काटा हा काही रोग नव्हे. तेव्हा खऱ्या रोगात काय घडते हे दाखविणे आवश्यक होते. त्यासाठी मेचनिकॉफ यांनी गोड्या पाण्यात राहणारा डॅफ्निया हा पाणपिसूसारखा पारदर्शक जीव निवडला. या जीवाच्या आतड्यातून एका बुरशीचे सुईसारखे टोकदार बीजाणू शरीरात घुसतात. त्यांना भक्षकपेशी घेरतात व गिळतात. पेशी जिंकल्या तर डॅफ्निया जगतो. बीजाणू जिंकून बुरशी वाढली तर तो मरतो. एका जिवंत शरीरात रोग आणि प्रतिकार यांची झुंज आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांनी पाहण्याची सोय या लहानशा प्राण्याने करून दिली. हा निबंध १८८४ साली प्रसिद्ध झाला.

मानसन्मान मात्र लगेच लाभला नाही. १८८५ साली पाश्चर यांची पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस यशस्वी झाली. त्यानंतर १८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुविज्ञान केंद्र स्थापन झाले व मेचनिकॉफ त्याचे संचालक झाले. परंतु त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती; स्थानिक डॉक्टरांनी त्यांना जुमानले नाही. मेंढ्यांना काळपुळीची लस टोचण्याच्या एका मोहिमेत हजारो मेंढ्या दगावल्या आणि टीकेला ऊत आला. अखेर १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. बर्लिनमध्ये कॉख यांनी त्यांचे थंडे स्वागत केले. पॅरिसमध्ये मात्र वृद्ध पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढील अठ्ठावीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, मेचनिकॉफ तेथेच राहिले.

पेशी की रक्तरस?

पॅरिसमध्ये आल्यावर खरा वाद पेटला. १८९० साली बर्लिन येथे बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात या रोगांसंबंधी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. या रोगांच्या विषाची सवय झालेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा नाश करणारे द्रव्य असते आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचला तर त्याचेही रक्षण होते. पेशी काढून टाकलेल्या रक्तरसातच जर संरक्षणाची शक्ती असेल, तर मेचनिकॉफ यांच्या भक्षकपेशींचे काम काय उरले? १८९४ साली फायफर यांनी दाखविले की, पटकीचे जंतू प्रतिकारक्षम प्राण्याच्या शरीरात पेशींवाचूनही विरघळून जातात. जर्मन शास्त्रज्ञ बहुतांशी रक्तरसाच्या बाजूने, पाश्चर संस्था पेशींच्या बाजूने, अशी फळी पडली. फ्रान्स व जर्मनी यांच्यात १८७०-७१ चे युद्ध होऊन गेले होते. त्याचा कडवटपणाही या वादात मिसळला.

मेचनिकॉफ यांनी प्रत्येक आक्षेपाला प्रयोगाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १८९२ मध्ये सूज या विषयावरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि १९०१ मध्ये संसर्गजन्य रोगांतील प्रतिकारशक्तीवरील त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यांच्या प्रयोगशाळेचे एक वैशिष्ट्य आम्हांस फार मोलाचे वाटते. रक्तरसातील एका महत्त्वाच्या घटकाचा, ज्याला आज कॉम्प्लिमेंट म्हणतात, उलगडा बोर्दे या तरुणाने केला. तो मेचनिकॉफ यांचाच सहायक होता आणि त्याचे काम गुरूच्या मताला बळकटी देणारे नव्हते. तरीही ते गुरूच्याच प्रयोगशाळेत झाले. बोर्दे यांस पुढे १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिष्याच्या पुराव्याला वाट देणारा गुरू आणि गुरूपुढे पुरावा मांडणारा शिष्य, असे नाते ज्या संस्थेत नांदते तीच खरी विद्यासंस्था होय.

१९०३ साली लंडनमध्ये राइट यांनी वादातील मधला मार्ग दाखविला. रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंवर बसतात आणि त्यामुळे भक्षकपेशींना ते जंतू गिळणे सोपे जाते, असे त्यांना आढळले. पेशी आणि रक्तरस हे प्रतिस्पर्धी नव्हते, सहकारी होते. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पाउल एर्लिक यांना विभागून देण्यात आले. एर्लिक हे रक्तरसाच्या बाजूचे प्रमुख सिद्धान्तकार. गंमत अशी की, रंगांच्या साहाय्याने पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार वेगळे करून दाखविण्याचे काम याच एर्लिक यांनी तरुणपणी केले होते.

आजचे ज्ञान

त्या प्रकारांची ओळख येथे थोडक्यात करून देणे योग्य ठरेल. तपासणीच्या कागदावर पाच नावे असतात. न्यूट्रोफिल या सर्वांत अधिक, सुमारे निम्म्याहून जास्त. जखमेकडे प्रथम धावतात त्या याच. त्यांचे आयुष्य फार थोडे, काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचे. म्हणून अस्थिमज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी नव्या न्यूट्रोफिल तयार करीत असते. जखमेतील पू म्हणजे बहुतांशी लढून मेलेल्या न्यूट्रोफिलच. मोनोसाइट रक्तातून ऊतींत शिरतात आणि तेथे मोठ्या भक्षकपेशी बनतात. त्यांना मॅक्रोफेज हे नाव मेचनिकॉफ यांनीच दिले. इओसिनोफिल कृमींच्या संसर्गात व अॅलर्जीत वाढतात. बेसोफिल सर्वांत कमी; त्याही अॅलर्जीत भाग घेतात. पाचवा प्रकार लिम्फोसाइटचा. त्यांतील बी पेशींपासून प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी तयार होतात. टी पेशींपैकी काही रोगग्रस्त पेशींना मारतात, तर काही इतरांना मदत व इशारा देतात. एड्सचा विषाणू या मदतनीस टी पेशींवरच हल्ला करतो, म्हणून सारे संरक्षण ढासळते.

बेरिंग यांच्या रक्तरसातील द्रव्य म्हणजे प्रतिपिंडे आणि ती अखेर पांढऱ्या पेशींच्याच एका कुळाची निर्मिती, हे मेचनिकॉफ यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. एकदा भेटलेल्या जंतूची आठवण लिम्फोसाइट ठेवतात. सर्व लसींचा पाया हाच. आणि ही आठवण घडविण्यासाठी जंतूचा तुकडा लिम्फोसाइटपुढे नेऊन दाखविणाऱ्या पेशीही असतात. दोन्ही फळ्या तेथे जोडल्या जातात. २०११ चे नोबेल पारितोषिक याच दोन विषयांवर दिले गेले : जन्मजात प्रतिकारशक्ती कशी जागी होते, आणि शाखायुक्त डेन्ड्रिटिक पेशी लिम्फोसाइटला कशा जागवितात.

परंतु भक्षकपेशी नेहमीच जिंकते असे नाही. क्षयाच्या जंतूला मॅक्रोफेज गिळते खरे, पण तो तिच्या पोटात मरत नाही. तेथेच लपून राहतो, कधी कधी वर्षानुवर्षे. ज्या १८८२ साली कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, त्याच वर्षी मेचनिकॉफ राजीनामा देऊन मेसिनाकडे निघाले. ल्युडमिला ज्या रोगाने गेली, तोच रोग भक्षकपेशींच्या मर्यादेचे सर्वांत मोठे उदाहरण ठरावा, हा दैवयोग नव्हे, तर निसर्गाची गुंतागुंत होय. आज क्षयावर औषधे आहेत आणि ती पूर्ण मुदतीपर्यंत घेतली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणाऱ्यांनी पेशीच्या पोटात लपलेल्या त्या जंतूचे स्मरण ठेवावे.

ओडेसाचा विद्यार्थी आणि मुंबईचा प्लेग

मेचनिकॉफ यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला नाही; त्यांच्या विद्यार्थ्याचा मात्र आला. व्लादिमीर हाफकिन हे १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले ज्यू तरुण. विद्यापीठात ते मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकले. ज्यू असल्यामुळे रशियातील विद्यापीठात त्यांना पुढे वाव नव्हता. धर्म बदलण्यास ते तयार नव्हते. १८८९ मध्ये ते पॅरिसला आले. गुरूच्या साहाय्याने त्यांना पाश्चर संस्थेत जागा मिळाली, तीही ग्रंथालयात. जन्मावरून दरवाजे बंद करणारी व्यवस्था केवळ आपल्याच देशात होती असे नाही, आणि ग्रंथालयाच्या वाटेने प्रयोगशाळेत पोहोचणारा माणूसही सर्वत्र सापडतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

हाफकिन यांनी १८९२ साली पटकीची लस प्रथम स्वतःवर टोचून पाहिली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे प्लेगनेच निधन झाले. मुंबईत लस जन्मास येत होती आणि पुण्यात आपली क्रांतिज्योती मालवत होती. या दोन तारखा आम्ही वर्गात नेहमी एकत्र सांगतो.

१९०२ साली पंजाबातील एका गावात लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि त्यांना पद गमवावे लागले. १९०७ पर्यंत झालेल्या छाननीनंतर ते निर्दोष ठरले. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ पासून असलेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ सालापासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

अखेरची वर्षे

उतारवयात मेचनिकॉफ वृद्धत्वाच्या विचाराकडे वळले. मोठ्या आतड्यातील जंतूंच्या विषाने माणूस अकाली म्हातारा होतो आणि बल्गेरियातील दह्यात असणाऱ्या जंतूंनी हे विष कमी होईल, असे त्यांचे मत होते. ते स्वतः नियमाने आंबविलेले दूध घेत. त्यांच्या नावावर युरोपभर दह्याचा व्यापार फोफावला. आपल्याकडे ताक-दही घरोघरी असल्याने ही गोष्ट ऐकताच मान डोलविण्याचा मोह होतो. परंतु तो आवरावा. आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी संबंध आहे, हे आज मान्य झाले आहे. दह्याने आयुष्य लांबते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. थोर माणसाचे प्रत्येक मत थोर नसते. भक्षकपेशींचा सिद्धान्त मेचनिकॉफ यांचा म्हणून टिकला नाही. तो पुराव्यावर उभा होता म्हणून टिकला.

१९१४ च्या महायुद्धाने त्यांना मोठा धक्का दिला. तरुण सहकारी रणांगणावर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडली. हृदयविकाराने क्षीण होत १९१६ च्या जुलै महिन्यात, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या सान्निध्यात ठेवलेल्या आहेत.

स्मरणिकेतील लेख वाचून मिटला जातो. म्हणून शेवटी एक व्यवहाराची विनंती करतो. डॅफ्निया आपल्याकडील तळ्या-डबक्यांतही आढळतो. पावसाळा सरल्यावर बरणीभर पाणी आणावे, शाळेच्या कपाटातील सूक्ष्मदर्शक बाहेर काढावा आणि प्रत्येक मुलामुलीस त्या पारदर्शक जीवाचे धडधडणारे हृदय पाहू द्यावे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे परिचारिका, औषधनिर्माते, रक्ततपासनीस झाले असतील त्यांनी एखादा दिवस शाळेत येऊन रंगविलेल्या काचपट्टीवर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांतील फरक मुलांना दाखवावा. पुस्तकातील वाक्य पाठ होते आणि विसरतेही; स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पेशी विसरत नाही.